संजयाची दृष्टि आणि सारथ्याची दृष्टि

महाभारताचें युद्ध दोन पुरुषांनीं दोन तऱ्हांनीं पाहिलें. संजयास व्यासांच्या कृपेनें दिव्यदृष्टि लाभली होती. कोणाचा रथ कोठें आहे, कोणाचा ध्वज पडला, हें सारें त्यास दिसे. पण त्याच्या हातीं एकहि लगाम नव्हता. श्रीकृष्ण अर्जुनाच्या रथावर बसला होता. त्यास घोड्यांच्या मानांपलीकडचें थोडेंच रणांगण दिसत असेल, परंतु रथ चालत होता तो त्याच्याच हातानें. संगणकावर विमान उडविण्याचा जो खेळ हल्लीं पुष्कळ घरांत शिरला आहे व ज्यास फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, त्याचें सारें मर्म या दोन दृष्टींच्या भेदांत आहे, असें आमचें मत झालें आहे.

आमचें झाई हें गांव तलासरी तालुक्यांत, महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याच्या अगदीं उत्तर टोंकास वसलेलें आहे. दक्षिणेस बोर्डीची सुरूचीं बनें व घोलवडच्या चिकूच्या वाड्या, उत्तरेस लगेच गुजरातची हद्द. येथें होड्यांची वर्दळ पुष्कळ. विमान म्हणजे आकाशांतून जाणारी एक रेघ. अशा गांवीं आमच्या एकत्र कुटुंबांतील नात यंदा बारावीस असून तिनें वैमानिक होण्याचें मनांत घेतलें आहे. या शिक्षणास लागणारा पैसा थोडाथोडका नाहीं. त्यामुळें वडील मंडळींत दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, मुलगी दिवसभर खेळ खेळते, त्यावरून तिचा कल कसा ठरवावा? दुसरा म्हणतो, कल आहे म्हणूनच ती खेळते. निवाडा करण्यापूर्वीं खेळ समजून घ्यावा, म्हणून आम्ही माजघरांतल्या संगणकाशेजारीं खुर्ची टाकून कांहीं महिने बसलों.

एके दिवशीं नात विमान मागच्या बाजूनें पाहत खालीं आणीत होती. तिची आजी निवडायचे तांदूळ घेऊन तेथें आली व म्हणाली, “अगो, विमान तर सबंध दिसतें आहे, मग चालवणारी तूं कोठें बसली आहेस?” नात हसून म्हणाली, “आजी, आत्तां मी बाहेर आहें.” आजीनें विचारलें, “मग आंत कोण आहे?” या प्रश्नास नातीपाशीं उत्तर नव्हतें. आमच्या समजुतीनें तोच खरा प्रश्न आहे.

या यंत्राचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. अमेरिकेंत एडविन लिंक यानें १९२९ सालीं वैमानिकांस जमिनीवर शिकविण्याचें यंत्र सिद्ध केलें. त्याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन यांचा कारखाना होता. ऑर्गनांतील भाते व हवेच्या नळ्या यांच्याच साह्यानें त्यानें ती लहानशी विमानखोली डोलती केली. आंत शिकाऊ माणूस बसला कीं वरून झांकण लावीत. बाहेरचें कांहींहि दिसूं नये, केवळ समोरच्या तबकड्यांवर विसंबून उडतां यावें, हाच हेतु. १९३४ सालीं अमेरिकन सैन्याचे अनेक वैमानिक खराब हवेंत टपाल नेतांना मृत्यु पावले, तेव्हां सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. म्हणजे या विद्येचा आरंभ डोळे झांकण्यापासून झाला. पुढें १९७९ सालीं ब्रूस आर्टविक यानें घरगुती संगणकावर हा खेळ आणला. १९८२ त मायक्रोसॉफ्टनें तो आपला केला. आणि २०२० च्या आवृत्तींत तर उपग्रहांनीं टिपलेल्या चित्रांवरून सारी पृथ्वीच पडद्यावर उभी राहिली. आतां पाहण्यास इतकें झालें आहे कीं काय पाहूं नये हें शिकवावें लागतें.

खेळांत या निरनिराळ्या दृश्यांस कॅमेरा म्हणतात. पहिलें दृश्य वैमानिकाच्या आसनावरून. दुसरें विमानाच्या पाठीमागून. तिसरें विमानतळाच्या मनोऱ्यावरून. चौथें वाटेंत उभें राहून समोरून जाणारें विमान पाहावें तसें. फ्लाइटगिअर नांवाचा जो खेळ विनामूल्य मिळतो, त्यांत इंग्रजी ‘व्ही’ अक्षराची कळ दाबली कीं हीं दृश्यें एकामागून एक येतात. ‘एक्स’ दाबल्यास दृश्य जवळ येतें, शिफ्टसह दाबल्यास लांब जातें, आणि कंट्रोलसह दाबल्यास पूर्ववत् होतें. ही शेवटची कळ नवशिक्यानें आधीं पाठ करावी. कारण दृश्य लांब गेलेलें राहिलें तर धावपट्टी बारीक व दूर भासते, आणि उंचीचा अदमास चुकतो. एक प्रमाण ठरवावें व उतरतांना तें बदलूं नये.

मुलांचा खरा घोटाळा होतो तो पाहणें व हांकणें यांच्या कळा शेजारीं शेजारीं असल्यामुळें. फ्लाइटगिअरमध्यें आंकड्यांच्या कळांपैकीं ४ व ६ यांनीं विमान डावीउजवीकडे कलतें, ८ व २ यांनीं नाक खालींवर होतें. आणि ह्याच कळा शिफ्टसह दाबल्या म्हणजे विमान न कलतां वैमानिकाची मान वळते. ८ म्हणजे समोर, ४ डावीकडे, ६ उजवीकडे, १ डावीकडे मागें. बोट शिफ्टवरून निसटलें कीं जेथें केवळ पाहावयाचें होतें तेथें विमान वळतें! यावर उपाय म्हणजे जॉयस्टिक घेणें. तिच्या माथ्यावर आंगठ्यानें सर्व दिशांस ढकलतां येणारें एक लहान बटण असतें. हात हांकतो, आंगठा पाहतो, व दोन्ही कामें निराळीं राहतात. जॉयस्टिक नसेल तर आरंभीं विमान बरेंच उंच न्यावें, सरळ ठेवावें, आणि केवळ मान वळवून समोर आणण्याचा पाठ गिरवावा. प्रत्येक वेळीं दृष्टि परत समोर आलीच पाहिजे, हा नियम.

उतरण्याच्या फेरीत या शिस्तीची कसोटी लागते. धावपट्टी डाव्या हातास ठेवून, जमिनीपासून सुमारें १००० फूट उंचीवर, तिला समांतर उलट दिशेनें जावयाचें असतें. पट्टीचें टोंक डाव्या खांद्याच्या मागें ४५ अंशांवर गेलें कीं वळावयाचें. हें टोंक पाठीमागच्या कॅमेऱ्यांतून कळत नाहीं; त्यासाठीं आंत बसून क्षणभर डावीकडे मागें पाहावें लागतें. वळून पट्टीसमोर आल्यावर नजर तीन ठिकाणींच फिरावी: पट्टीवरील उतरण्याची जागा, वेगाची तबकडी, पुन्हा ती जागा. सेस्ना १७२ या लहान विमानास त्या वेळीं सुमारें ६५ नॉट वेग पुरतो. चाकें टेकण्याच्या सुमारास मात्र दृष्टि पट्टीच्या दूरच्या टोंकाकडे न्यावी. जवळ पाहिलें तर हात घाईनें मागें ओढला जातो.

कोणी म्हणेल, खेळांत एवढी कडक शिस्त कशास? १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं मुंबईहून दुबईस निघालेलें एअर इंडियाचें ‘एम्परर अशोक’ हें विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आंत वांद्र्याजवळ समुद्रांत पडलें व त्यांतील सर्व २१३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. मुख्य वैमानिकासमोरील क्षितिजदर्शक यंत्र बिघडलें होतें. खालीं काळोखा समुद्र, क्षितिज दिसेना. विमान सरळ असतां तें उजवीकडे कललें आहे असें त्या तबकडीवरून वाटलें, आणि तें डावीकडे कलवीत नेलें गेलें. बाहेरून पाहणारा एखादा संजय असता तर त्यास विमान कोणीकडे कललें आहे तें तत्काळ दिसलें असतें. परंतु खऱ्या वैमानिकास तो संजय कधींच लाभत नाहीं. त्यास आपल्या आसनावरूनच, शेजारच्या तबकड्यांशीं ताडून, सत्य काय तें ठरवावें लागतें. मागच्या कॅमेऱ्यानें उतरण्याची संवय म्हणजे जें साह्य पुढें मिळणार नाहीं त्यावर विसंबण्याची संवय होय.

सरावासाठीं आम्हीं नातीस एक वाट आंखून दिली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें ‘पस मॉथ’ विमान अहमदाबादमार्गें जुहूस आणलें. नकाशावर अहमदाबाद व जुहू यांमध्यें सरळ रेघ ओढली तर ती झाईच्या अगदीं जवळून जाते. म्हणून नात पडद्यावर जुहूहून निघते, समुद्र डाव्या हातास ठेवून उत्तरेस येते. वसईची खाडी, अर्नाळ्याचा किल्ला, तारापूर, डहाणूच्या वीजकेंद्राची उंच चिमणी, बोर्डी, आणि सुमारें ११५ किलोमीटरांनंतर आपली झाई. लहान विमानास हा पल्ला अर्ध्या तासाहून थोडा अधिक. तेथून आणखी सुमारें ३५ किलोमीटरांवर दमणचा विमानतळ, तेथें उतरावयाचें. अट एकच: जुहूपासून दमणपर्यंत आसन सोडावयाचें नाहीं. गांव पाहावयाचें तर मान वळवून पाहावें.

बाहेरचा कॅमेरा आम्हीं वर्ज्य केला नाहीं. संजयाचें काम वृत्तांत सांगण्याचें. तें त्यास करूं द्यावें. उड्डाणापूर्वीं पंखांवरील झडपा नीट हालतात कीं नाहीं, हें बाहेरून पाहावें. आणि उतरल्यावर तेंच उड्डाण पुन्हा लावून बाहेरून न्याहाळावें, म्हणजे कोठें कललों, कोठें उशीर झाला, हें डोळ्यांसमोर येतें. पहिल्या आठवड्यांत दमणास विमान दोनदां शेतांत गेलें, एकदां समुद्रांत. नातीनें वही घातली व प्रत्येक उतरणीची नोंद ठेवूं लागली. तिची आजी आतां तांदूळ निवडीत एवढेंच विचारते, “आंत आहेस ना?”

वडील मंडळींस आमचें सांगणें असें. घरच्या संगणकावरचे तास परवान्याच्या नोंदींत धरले जात नाहींत. व्यावसायिक परवान्यास २०० तास प्रत्यक्ष उड्डाण लागतें. तेव्हां या खेळानें कोणी वैमानिक होत नाहीं. मुलीनें हें शिकावें कीं नाहीं, हा वाद तर सौदामिनी देशमुख यांनीं १९८५ सालीं केवळ स्त्रियांच्या हातीं असलेलें फोकर विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेलें, तेव्हांच मिटला. उरतो प्रश्न आपल्या मुलीच्या स्वभावाचा, आणि तो या खेळानें पारखतां येतो. मूल केवळ सुंदर दृश्यें पाहत फिरतें, कीं चुकलेली उतरण पुन्हा आंत बसून सुधारतें, हें शेजारीं खुर्ची टाकून बसल्याशिवाय कळत नाहीं. पैशाचा विचार त्यानंतर करावा. आणि दोन्ही पक्षांनीं आपला निकाल देण्यापूर्वीं निदान एक वेळ तरी जुहूपासून दमणपर्यंत मुलाशेजारीं बसावें.