नव्या भाषेचें शब्दभांडार



मधल्या सुटींत शाळेच्या पटांगणांत क्षणभर कान देऊन उभें राहिलें, तर मराठी, हिंदी, दखनी व इंग्रजी यांखेरीज आणखी एक भाषा ऐकूं येते. ‘पाणी’ म्हणावयाचें असतां मुलें ‘चणीपा’ म्हणतात. ही ‘च’ची भाषा. शब्दाचें पहिलें अक्षर उचलून शेवटीं ठेवावें आणि त्याच्या जागीं ‘च’ बसवावा, एवढाच तिचा नियम. पालकांपैकींही पुष्कळांना ती अजून येत असेल. या भाषेला कोशाची गरज नाहीं. कारण तिचे शब्द मराठीचेच आहेत, त्यांवर केवळ मुखवटा चढविलेला आहे.

परंतु आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं मुलें याच्याही पुढें गेलीं. त्यांनीं अगदीं नवे शब्द घडविण्यास आरंभ केला. शंभर शब्द होईपर्यंत सर्व सुरळीत चाललें. पुढें मात्र घोटाळा झाला. एकानें ‘लुबा’ म्हणजे बैल असें ठरविलें. दुसऱ्यानें त्याच आठवड्यांत ‘लुबा’ म्हणजे भाकरी असें ठरविलें. मग ‘आम्हीं रात्रीं दोन लुबा खाल्ल्या’ या वाक्यावर सर्व वर्ग पोट धरून हंसला, यांत नवल तें काय ? मुलें आमच्याकडे येऊन विचारूं लागलीं, “आमचे शब्द ठेवावे कशांत ?” प्रश्न लहान दिसतो, परंतु तोच प्रश्न मोठमोठ्या कोशकारांपुढें उभा राहिलेला आहे. म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, साधन निवडण्यापूर्वीं त्या साधनाला आपण काय विचारणार आहों हें ठरविलें पाहिजे. शब्दसंग्रहाला चार प्रश्न विचारले जातात. पहिला : हा शब्द ऐकला, याचा अर्थ काय ? दुसरा : हा अर्थ मनांत आहे, याला शब्द कोणता ? तिसरा : हा ध्वनि पूर्वीं कोणत्या अर्थासाठीं वापरला गेला आहे काय ? चवथा : या शब्दाचे सगेसोयरे कोण ? या चारही प्रश्नांस सारखेंच चांगलें उत्तर देईल असें एकच साधन जुन्या काळीं कोणासही सांपडलें नव्हतें.

आपल्या देशांतील एक जुनें साधन म्हणजे पद्य. अमरसिंहाचा कोश तीन कांडांत असून त्यांत शब्द विषयवार गुंफलेले आहेत. देवांचीं नांवें एका ठिकाणीं, वनस्पतींचीं दुसऱ्या ठिकाणीं, अशी ती व्यवस्था आहे. छापखाना नव्हता. तेव्हां स्मरणशक्ति हीच वही आणि वृत्त हाच तिचा दोरा. ही रीत महाराष्ट्रांतही चालली. इ. स. १६७४ मध्यें राज्याभिषेक झाल्यावर श्रीशिवछत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितांनीं ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. दरबारांत रूढ झालेल्या फारसी व दखनी शब्दांस संस्कृत पर्याय द्यावे, हा त्याचा हेतु. त्यांत सुमारें चौदाशें शब्द असून त्यांचे दहा वर्ग केलेले आहेत. राजवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग हे त्यांपैकीं होत. याच काळांत पेशव्यास प्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव व डबिरास सुमंत हीं नांवें मिळालीं.

हा कोश म्हणजे नव्या शब्दांच्या व्यवस्थेचा आमच्या घरचाच उत्तम नमुना आहे. किल्ल्याचा कारभार पाहणाऱ्यास दुर्गवर्ग पुरे. त्यास साऱ्या ग्रंथांत हिंडावें लागत नाहीं. म्हणजे आमच्या चार प्रश्नांपैकीं दुसऱ्याचें उत्तर येथें चटकन मिळतें. पण पद्याचा दोषही तितकाच स्पष्ट आहे. एकदां श्लोक जुळला कीं त्यांत नवा शब्द शिरकवितां येत नाहीं. आणि ज्याला विषय ठाऊक नाहीं, केवळ शब्द ऐकूं आला आहे, त्यानें तो शोधावा कोठें?

आपल्याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) यांची पासोडी सर्वांच्या ऐकण्यांत आहे. सुमारें चाळीस फूट लांब अशा या कापडावर त्यांनीं पंचीकरणाचा विषय ओव्या व आकृति यांनीं मांडला. विषयाचे भाग, पोटभाग व त्यांचे संबंध एका दृष्टिक्षेपांत दिसावे, हा या मांडणीचा मोठा गुण. भिंतीवर टांगलेला तक्ता हा पासोडीचाच लहान भाऊ समजावा. नव्या भाषेचे प्रत्यय, सर्वनामें, संख्या वगैरे जे थोडे व न बदलणारे शब्द असतात, त्यांस तक्ता हेंच योग्य साधन होय. रोज वाढणारा संग्रह मात्र तक्त्यावर ठेवूं नये. कापड कितीही लांब असलें तरी दोन ओळींच्या मधली जागा वाढत नाहीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणारें साधन म्हणजे वर्णानुक्रम. मराठीला हें साधन मिळवून देण्यांत मिशनरी व इंग्रज पंडितांचा वांटा मोठा आहे. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्यें श्रीरामपूर येथें छापला गेला. पुढें मोल्सवर्थ यांनीं जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या आणि शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें मराठी–इंग्रजी कोश रचला. त्याची पहिली आवृत्ति १८३१ मध्यें व दुसरी १८५७ मध्यें निघाली. दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत. एवढ्या राशींतून हवा तो शब्द अर्ध्या मिनिटांत सांपडतो, तो केवळ वर्णानुक्रमामुळें.

पण कोश छापून झाल्यावर वर्णानुक्रम सोपा दिसतो. तो तयार होत असतां फार त्रास देतो. वहींत ‘क’ची पानें भरलीं आणि ‘कमळ’ राहून गेलें, तर तें घालावें कोठें ? याचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या. ऑक्सफर्डचा प्रचंड इंग्रजी कोश १९२८ मध्यें पुरा झाला, तो अशाच लाखों चिठ्ठ्यांवर उभा आहे. वाचकांनीं एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द व त्याचें वाक्य लिहून पाठवावें आणि संपादकांनीं त्या चिठ्ठ्या लांकडी खणांत लावाव्या, अशी ती रीत होती. चिठ्ठी मोकळी असल्यानें मध्यें घालतां येते, काढतां येते, आज वर्णानुक्रमानें व उद्यां विषयवार लावतां येते. एका बाजूनें कोऱ्या राहिलेल्या कागदांचे तुकडे व रिकामी पेटी, एवढ्यांत हें साधन सिद्ध होतें. त्यास पैसा लागत नाहीं.

चवथा प्रश्न, सगेसोयऱ्यांचा, नव्या भाषेत सर्वांत महत्त्वाचा आहे. डॉ. झामेनहोफ यांनीं १८८७ मध्यें वॉर्सा येथें एस्पेरांतो ही रचलेली भाषा प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या पुस्तिकेबरोबरच्या शब्दयादींत केवळ नऊशेंच्या आसपास मूळ घटक होते. आणि प्रत्यय हेही यादींत स्वतंत्र शब्दांसारखे दिलेले होते. ‘बोना’ म्हणजे चांगला. ‘माल’ हा उपसर्ग लावला कीं ‘मालबोना’ म्हणजे वाईट. ‘लेर्नी’ म्हणजे शिकणें. स्थळवाचक प्रत्यय लागला कीं ‘लेर्नेयो’ म्हणजे शाळा. आपल्या ‘आलय’ या शब्दानें ग्रंथालय, रुग्णालय, विद्यालय होतात, तसेंच हें. म्हणून संग्रहांत धातु वेगळे व प्रत्यय वेगळे लिहावे. मग थोड्या शब्दांत पुष्कळ काम होतें.

अति व्यवस्थेचाही एक धोका आहे. जॉन विल्किन्स या इंग्रज धर्माधिकाऱ्यांनीं १६६८ मध्यें साऱ्या सृष्टीचे चाळीस मुख्य वर्ग पाडून एक तत्त्वज्ञानी भाषा रचली. शब्दाच्या पहिल्या अक्षरांवरून वस्तूचा वर्ग, पुढील अक्षरांवरून तिचा पोटभेद कळावा, ही योजना. बुद्धि थक्क व्हावी अशीच ती आहे. पण तिच्यामुळें एका वर्गांतील सर्व वस्तूंचीं नांवें जवळजवळ सारखीं झालीं. एक अक्षर चुकलें कीं एका वनस्पतीची दुसरीच वनस्पति व्हावी, आणि ऐकणाऱ्यास चूक झाल्याचा संशयही येऊं नये ! तेव्हां व्यवस्था संग्रहांत असावी. ती प्रत्येक शब्दाच्या अंगावर कोंबूं नये.

आतां आपल्या प्रांताचें एक उदाहरण. १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानांत होता. तेथें १९१७ मध्यें भाषांतर विभाग व १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ स्थापन होऊन उच्च शिक्षण उर्दूंतून देण्याचा मोठा उपक्रम झाला. रसायन, वैद्यक, गणित यांसाठीं शब्दच नव्हते. ते विद्वानांच्या मंडळांनीं बसून घडविले. वहीदुद्दीन सलीम यांनीं १९२१ मध्यें परिभाषा कशी घडवावी यावरच एक ग्रंथ लिहिला. तिकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें १९३१ मध्यें ‘सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला. त्यांत कारभारांतील एकेका इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, उर्दू इत्यादि भाषांतील पर्याय ओळीनें मांडलेले आहेत. हें रकान्यांचें साधन होय. परंतु १९४८ नंतर उस्मानियांतील शिक्षणाचें माध्यम बदललें, आणि परिश्रमानें घडविलेल्या शब्दांपैकीं पुष्कळ शब्द पुस्तकांच्या पानांतच राहिले. कोश शब्दाला घर देतो. त्या घरांत दिवा लावण्याचें काम बोलणाऱ्यांचें आहे.

आज संगणकामुळें चिठ्ठी व रकाना हीं दोन्ही साधनें एकत्र आलीं आहेत. संगणकावरील रकान्यांच्या तक्त्यांत एका ओळींत एक शब्द लिहावा. रकाने सहा पुरेत : शब्द, अर्थ, वर्ग, मूळ, वाक्य, आणि कोणीं व केव्हां घडविला. क्षणांत तो तक्ता शब्दाच्या क्रमानें, क्षणांत अर्थाच्या क्रमानें लावतां येतो, आणि तोच ध्वनि पूर्वीं वापरला आहे काय तेंही विचारतां येतें. एक सावधगिरी मात्र ठेवावी. संगणकानें प्रत्येक अक्षरास एक अंक दिलेला असतो. त्या साध्या अंकक्रमानें शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारीं येतो आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ हे ‘क’ व ‘ज’ यांच्या पोटांत शिरतात. आपल्या बाराखडींत मात्र ते शेवटीं असतात. याहून मोठ्या कामासाठीं ‘फील्डवर्क्स’ नांवाचें विनामूल्य साधन आहे. तें एस. आय. एल. या ख्रिस्ती संस्थेनें अलिखित भाषांचा अभ्यास करणाऱ्यांसाठीं तयार केलें आहे; त्यांत धातु व प्रत्यय यांचे संबंधही नोंदतां येतात. परंतु तें शिकण्यास वेळ लागतो. दोनशें शब्दांसाठीं तें घेणें म्हणजे घागरभर पाण्यासाठीं धरण बांधणें होय.

आमचा सल्ला असा. तीनशें शब्दांपर्यंत चिठ्ठ्यांची पेटी. त्यापुढें संगणकावरील तक्ता. प्रत्यय व संख्या यांस भिंतीवरील कागद. संग्रहाची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. आमच्या मुलांनीं याप्रमाणें केलें. ‘टोमी’ म्हणजे पाणी, ‘र’ हा स्थळाचा व ‘क’ हा साधनाचा प्रत्यय. म्हणून ‘टोमीर’ विहीर आणि ‘टोमीक’ घागर. दोन्ही ‘लुबां’चा तंटा चिठ्ठ्या लावतांच मिटला : बैल ‘लुबा’च राहिला, भाकरीस नवें नांव मिळालें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, हा खेळ कशाला ? त्यांस आमचें नम्र उत्तर आहे. आमच्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं दूर जातात. त्यांच्या बोलींत ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. ‘वाढें’ म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जनावरांची वैरण. आणि ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे, तर एकत्र राबणारें नवरा-बायकोचें जोडपें. दोन माणसांस एका हत्याराचें नांव मिळावें, यांत केवढी कथा सांठलेली आहे ! असे शब्द आमच्या मुलांच्या आईबापांच्या तोंडीं आहेत, आणि त्यांतले किती तरी कोठेंही लिहिलेले नाहींत. बोलणारा गेला कीं शब्दही त्याच्याबरोबर जाईल.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत आदामापुढें सर्व प्राणी आणले गेले आणि त्यानें त्यांस नांवें दिलीं, असें सांगितलें आहे. नांव देणें हा मनुष्याचा पहिला अधिकार होय. दिलेलें नांव जपणें हें त्याचें कर्तव्य होय. मुलांनो, ज्या पेटींत तुम्हीं ‘टोमी’ व ‘लुबा’ जपलेत, तिच्यांत आतां आणखी एक खण करा. सुटींत घरीं जाल तेव्हां आईजवळ, आजीजवळ बसा, आणि त्यांचा एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर उतरून आणा. पुढील अंकांत त्यांची यादी छापण्यास आम्हांस मोठा आनंद होईल.