डाळ शिजत का नाही?

लातूर ही तुरीची आणि डाळींची मोठी बाजारपेठ. तिच्यापासून थोड्याच अंतरावर, बार्शीच्या रस्त्यावर मुरुड आहे. अशा तुरीच्या मुलखातही एक तक्रार वरचेवर ऐकू येते : "तासभर झाला, तरी डाळ शिजत नाही!" दाणे टपोरे फुगतात, पण बोटाने दाबले तर कचकचतात. घोटायला घेतले तर वरणात पाणी वेगळे आणि डाळ वेगळी. मग डाळ विकणाऱ्याला बोल लागतो, नाही तर स्वयंपाक करणाऱ्याला. विद्यार्थी मित्रहो, खरा दोष कोणाचा, हे आपण शास्त्राच्या रीतीने शोधू या.

त्यासाठी आधी 'शिजणे' म्हणजे काय, हे समजले पाहिजे. डाळीचा दाणा असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. विटांच्या भिंतीत दोन विटांमध्ये चुना असावा, तसा दोन पेशींमध्ये पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ असतो. गरम पाण्यात हे पेक्टिन हळूहळू विरघळते, पेशी सुट्या होतात आणि आतील पिष्ट पाणी शोषून मऊ होते. पेशी सुट्या झाल्या, की डाळ घोटता येते. म्हणजे आपला प्रश्न असा झाला : पेक्टिनला विरघळू कोण देत नाही?

पहिला संशय उष्णतेवर. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, असे आपण पुस्तकात वाचतो. पण ते समुद्रसपाटीवर. लातूर जिल्हा बालाघाटच्या पठारावर आहे. त्याचा बराच भाग सुमारे ६०० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. शाळेतील तापमापी घेऊन हे तुम्ही स्वतः पाहू शकाल. पाणी एकदा उकळू लागले, की आच कितीही मोठी करा, तापमान वाढत नाही. जादा उष्णता फक्त पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. खळखळ वाढते, सरपण किंवा गॅस जळतो, पण डाळ लवकर शिजत नाही.

तापमान वाढवायचे तर दाब वाढवावा लागतो. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये घट्ट झाकणाचे भांडे बनवून हेच केले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. भांडे फुटू नये म्हणून त्याने सुरक्षा झडपही बसवली. आपला कुकर हा त्याचाच वंशज. त्यातील दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची खूण. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करावी. आतील तापमान तेवढेच राहते आणि इंधन वाचते.

पण दोन अंशांच्या फरकाने डाळीला थोडा उशीर होईल, ती कच्ची राहणार नाही. शिवाय एकाच गल्लीत, एकाच दुकानातली डाळ एका घरी शिजते आणि दुसऱ्या घरी शिजत नाही. दोन्ही घरांची उंची तर सारखीच! मग वेगळे काय? बहुधा पाणी.

मराठवाड्यात पुष्कळ घरांची भिस्त विहिरीवर आणि बोअरवर असते. जमिनीत मुरलेले पाणी काळा खडक आणि चुनखडी यांमधून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळवून घेते. अशा पाण्याला आपण दुष्फेन म्हणतो, कारण त्यात साबणाला फेस येत नाही. यातील कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतो. विरघळणारा चुना जणू सिमेंट होतो. डाळ जुनी असेल किंवा उष्ण, दमट जागी फार दिवस राहिली असेल, तर ती आणखी अडून बसते.

तिसरा संशयित चिंच. आम्लात पेक्टिन सहजी विरघळत नाही. आमटीत चिंच किंवा टोमॅटो आधीच घातला, तर अर्धवट शिजलेली डाळ तशीच राहते. आंबट नेहमी डाळ मऊ झाल्यावर घालावे, या घरोघरच्या रीतीमागे हे शास्त्र आहे.

करून पाहा

स्टीलच्या चार सारख्या वाट्या घ्या. प्रत्येकीत चार चमचे तूरडाळ आणि अर्धी वाटी पाणी घाला. पहिलीत पावसाचे स्वच्छ पाणी, दुसरीत बोअरचे, तिसरीत पावसाच्या पाण्यात कालवलेला चिंचेचा कोळ आणि चौथीत दहा मिनिटे उकळून, निववून, वरचे निवळ तेवढे घेतलेले बोअरचे पाणी. चारही वाट्या एकाच मोठ्या पातेल्यात, तळाशी थोडे पाणी घालून, झाकण ठेवून वाफवा. घरातील मोठ्या माणसाला जवळ राहू द्या. अर्ध्या तासाने व पुढे दर दहा मिनिटांनी प्रत्येक वाटीतील दहा दाणे चमच्याने काढा, निवल्यावर दाबून पाहा आणि किती चिरडले ते वहीत मांडा. डाळ, भांडे, वेळ आणि उष्णता सारखीच आहे. बदलले आहे ते फक्त पाणी. म्हणूनच फरक पडला तर त्याचे कारण पाण्यातच शोधायचे.

चौथ्या वाटीकडे विशेष लक्ष द्या. पाणी उकळले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. पाणी तापवण्याच्या भांड्यात जमणारा पांढरा थर तो हाच. तुमच्या पाण्यात हाच क्षार मुख्य असेल, तर चौथी वाटी दुसरीला मागे टाकील. सल्फेट किंवा क्लोराइड असतील, तर उकळून उपयोग होणार नाही. म्हणजे तुमच्या डाळीने पाण्याची परीक्षाच केली!

चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तरी डाळ लवकर गळते; पण त्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि चव बिघडते. त्यापेक्षा डाळ आधी भिजत घालावी आणि मिळेल तेव्हा गोडे पाणी वापरावे.

पण गोडे पाणी मिळणे आपल्या हाती कोठे असते? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाऊस कमी, म्हणून बोअर खोल. आणि खोल पाण्यात अनेकदा क्षार जास्त. दुष्काळ असा शेतातून थेट चुलीपर्यंत पोहोचतो आणि ज्या घरी सरपण किंवा गॅस आधीच अपुरा, त्याच घरी तो जास्त जाळायला लावतो.

तेव्हा आपल्या गावातील हापसा, विहीर, नळ आणि पाऊस या चारही पाण्यांवर हा प्रयोग वर्गाने मिळून करा आणि तक्ता शाळेच्या फलकावर लावा. पुढे कोणाच्या घरी डाळ कच्ची राहिली, तर स्वयंपाक करणाऱ्याला बोल लावण्याआधी तो तक्ता वाचता येईल.