एक सेमिस्टर परदेशात : बेंबळीत ऐकू येणारे समज आणि वस्तुस्थिती

बीबीए किंवा एमबीए करता करता एखाद्याचं पोरगं सहा महिन्यांसाठी जर्मनीला किंवा नेदरलँड्सला निघालं, असं धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावात कळलं की दोन प्रश्न ठरलेले. किती एकर विकली? आणि, आता ते परत येतंय का? दोन्ही प्रश्न काळजीपोटीच येतात. पण ते ज्या समजातून येतात तो चुकीचा आहे, आणि त्या समजामुळे आपल्या भागातली हुशार मुलं या वाटेकडे वळतच नाहीत. उद्योजकता आणि आंतरराष्ट्रीय व्यापार हे विषय एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून परदेशात शिकणं म्हणजे नेमकं काय, हे म्हणूनच नीट सांगायला हवं.

“तिकडं अ‍ॅडमिशन घ्यावं लागतं आणि तिकडची डिग्री मिळते”

असं होत नाही. एक्स्चेंजमध्ये विद्यार्थी आपल्याच कॉलेजचा राहतो. त्याच्या पदवीतलं एक सेमिस्टर, क्वचित दोन, तो दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात पूर्ण करतो आणि पदवी इथलीच घेतो. दोन संस्थांमध्ये करार झालेला असतो : तुमची काही मुलं आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. बहुतेक करारांत विद्यार्थी आपल्या कॉलेजची फी भरत राहतो आणि तिकडची शिक्षण फी माफ असते.

निघण्याआधी एक कागद तयार होतो, त्याला ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. तिकडे कोणते विषय घेणार आणि इथे त्यांच्याऐवजी कोणते विषय पूर्ण झाले असं धरणार, हे त्यात लिहिलेलं असतं. युरोपात अभ्यास ईसीटीएस क्रेडिटमध्ये मोजतात. वर्षाला 60, म्हणजे सेमिस्टरला 30 क्रेडिट, आणि एका क्रेडिटमागे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास, त्यात घरी बसून केलेलं वाचनही आलं. सगळा हिशोब या कागदावर चालतो. तो सहीशिक्क्यानिशी हातात नसेल तर परत आल्यावर विद्यार्थ्याला तेच विषय पुन्हा द्यायला लागू शकतात. तिकीट नंतर काढा, आधी हा कागद घ्या.

ट्विनिंग, जॉइंट डिग्री आणि ड्युअल डिग्री हे प्रकार याहून वेगळे आहेत. त्यांच्यासाठी यूजीसीने 2022 मध्ये नियम केले. ट्विनिंगमध्ये परदेशी संस्थेत मिळवलेले क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपेक्षा जास्त असता येत नाहीत. जाहिरातींत हे सगळे शब्द एकाच ओळीत दिसतात, म्हणून आपल्यासमोर नेमकं काय ठेवलंय ते विचारून घ्यावं.

“एजंटला पैसे दिले की काम होतं”

एक्स्चेंजची जागा विकत मिळत नाही. तिथे तुमचं कॉलेज तुमचं नाव पाठवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. शहरातल्या कन्सल्टन्सी प्रामुख्याने पूर्ण पदवीचे, पूर्ण फी भरणारे विद्यार्थी पाठवतात आणि त्याबद्दल बऱ्याच ठिकाणी विद्यापीठांकडून कमिशन घेतात. सहा महिन्यांच्या, फी माफ असलेल्या विद्यार्थ्यात त्यांना काही मिळत नाही, म्हणून हा रस्ता ते सहसा सुचवतही नाहीत.

एक्स्चेंजचं दार पासपोर्ट ऑफिसात किंवा एजंटच्या केबिनमध्ये उघडत नाही. बारावीनंतर कॉलेज निवडताना ते उघडतं किंवा बंद होतं. कॉलेजचे परदेशी विद्यापीठांशी चालू करार असतील तर पुढचं सगळं शक्य आहे, नसतील तर कितीही टक्के मिळाले तरी उपयोग नाही. पुण्यात सिम्बायोसिसची आंतरराष्ट्रीय व्यापाराला वाहिलेली संस्था 1992 पासून चालू आहे. धाराशिवला विद्यापीठाचं उपकेंद्र 2004 पासून आहे. दोन्हीकडे सारखाच प्रश्न विचारायला लाजू नये : करार कुणाशी आहेत, गेल्या तीन वर्षांत खरोखर किती मुलं गेली आणि त्यांचे क्रेडिट धरले का? करारांची यादी लांबलचक असून एकही विद्यार्थी गेलेला नसेल, तर त्या यादीला काही अर्थ नाही.

“फी माफ म्हणजे फुकट” आणि “तीस लाखांशिवाय होत नाही”

ही दोन्ही टोकं चुकीची आहेत. जर्मनीचं उदाहरण घेऊ. तिथे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात. त्यासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 युरो आहे. सहा महिन्यांचे धरले तर आपले साडेपाच-सहा लाख रुपये. ही फी नव्हे. पैसे तुमचेच असतात आणि तिकडे पोचल्यावर दरमहा तुमच्याच हातात येतात. त्यावर विमान, विमा आणि व्हिसाचा खर्च. छोट्या शेतकऱ्याच्या घराला ही रक्कम मोठीच आहे, यात शंका नाही. पण तीस लाख आणि सात लाख यांत, रान विकणं आणि रान राखणं एवढा फरक पडतो.

कर्ज काढायला निघाल्यावर आपल्याकडच्या अनेकांना धक्का बसतो. सात-आठ एकर काळं रान आहे, ते तारण ठेवू, असं वडील म्हणतात आणि बँक नाही म्हणते. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण ताब्यात घेण्याचा हक्क बँकांना सरफेसी कायद्याने 2002 मध्ये दिला. शेतजमीन त्या कायद्यातून वगळलेली आहे, म्हणून शैक्षणिक कर्जाला सातबारा सहसा चालत नाही. बँका एनए प्लॉट, शहरातलं घर किंवा मुदत ठेव मागतात. मात्र बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाच्या हमीवर भागतं. एका सेमिस्टरचा खर्च जवळपास याच मर्यादेत बसतो. पूर्ण पदवीला जाणाऱ्याला ही सोय पुरत नाही.

शिष्यवृत्तीबद्दलही गोंधळ आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून आहे आणि तिने अनुसूचित जातीतल्या अनेक मुलांचं आयुष्य बदललं आहे. पण ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे, एका सेमिस्टरसाठी नाही. सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्तीही पूर्ण उच्च शिक्षणासाठीच आहे. एक्स्चेंजला लागू पडतो तो युरोपचा इरॅस्मस प्लस. 1987 मध्ये युरोपातल्या मुलांसाठी ही योजना सुरू झाली आणि 2015 पासून तिच्या क्रेडिट मोबिलिटी भागात भारतासारख्या देशांतली मुलंही येतात. त्यात दरमहा साधारण 800 ते 900 युरो आणि प्रवासाचा खर्च मिळतो. अर्ज मात्र आपल्या कॉलेजमार्फतच करायचा, म्हणजे पुन्हा प्रश्न कराराचाच.

“तिकडं काम करून भागवील” हा हिशोब धरून निघू नये. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, हे खरं. पण पैसे व्हिसाआधी दाखवायचे असतात, आणि सहा महिन्यांतले पहिले दोन तर भाषा आणि कागदपत्रांतच जातात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण व्हिजिटर व्हिसावर होतं आणि त्यावर कामाला अजिबात परवानगी नाही.

“आंतरराष्ट्रीय व्यापाराचा बेंबळीशी काय संबंध?”

हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याच धाराशिव तालुक्यात तेरणेकाठी तेर आहे. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात त्याचं नाव ‘तगर’ असं येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं गाव. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं आणि पुढे जहाजाने पश्चिमेला. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू बघायला मिळतात. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेली हस्तिदंती मूर्ती यांचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. हा व्यापार आपल्या मातीला नवा नाही.

आता आजचं बघू. बेंबळीच्या शिवारातलं सोयाबीन लातूरच्या आडतीवर जातं. ऑगस्ट 2021 च्या सुरुवातीला तिथे भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्याच महिन्यात कोंबडीपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने जीएम सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास आला. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. आता सोयाबीन चढणार असं सगळे म्हणाले. हमीभाव 4,892 होता आणि बाजार त्याच्या खालीच राहिला.

असं का झालं? सोयाबीनमध्ये तेल असतं साधारण 18 टक्के. उरलेला बहुतेक भाग पेंड, आणि भाव प्रामुख्याने पेंडीवर ठरतो. त्या पेंडीची स्पर्धा अर्जेंटिना आणि ब्राझीलशी. देशातही इथेनॉल कारखान्यांतून मका-तांदळाचा उरलेला चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, पशुखाद्यात स्वस्तात येऊन बसला. तेलावरचं शुल्क वाढवून पेंडीचा भाव वाढत नाही. हा धडा आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कुठल्याही वर्गात शिकवण्यासारखा आहे, आणि बेंबळीतल्या मुलाने तो घरातल्या आडतीच्या पट्टीवर आकड्यांत पाहिलेला असतो. शुल्क, कोटा, विनिमय दर, वायदे बाजार हे शब्द त्याच्या वर्गातल्या इतर मुलांना पुस्तकातून कळतात. याला ते कळतात, कारण बापाने रास कधी विकायची हे त्यावरच ठरतं.

द्राक्षाची गोष्ट अशीच आहे. भारतातून निर्यात होणाऱ्या द्राक्षांचा सगळ्यात मोठा ग्राहक नेदरलँड्स, आणि माल उतरतो रॉटरडॅमला. तिथून तो युरोपभर जातो. 2010 मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि कंटेनर अडकले. शेतकरी या रसायनाला ‘लिहोसीन’ म्हणून ओळखतात. मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. बागेत गोडी, मणी, रंग सगळं बरोबर होतं, आणि एका रसायनाच्या एवढ्याशा अंशापायी हंगामाचा पैसा बुडाला. रॉटरडॅममध्ये सेमिस्टर करणारा आपला विद्यार्थी त्या बंदरात, त्या शीतगृहांत, त्या सुपरमार्केटच्या खरेदी विभागात जाऊन माल कुठे आणि का नाकारला जातो हे समोर बघू शकतो. नाशिक, सोलापूर, धाराशिवच्या बागायतदाराला अशा माणसाची गरज आहे.

“उद्योजक जन्माला यावा लागतो, शिकून होत नाही”

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या प्राध्यापक सरस सरस्वती यांनी 27 अनुभवी उद्योजकांचा अभ्यास करून 2001 मध्ये एक मांडणी केली. ती आज जगभरच्या उद्योजकतेच्या वर्गांत शिकवतात. मुरलेला उद्योजक आधी मोठं उद्दिष्ट ठरवून भांडवल शोधत बसत नाही. मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीचं कोण, इथून तो सुरू करतो, आणि बुडालं तर किती बुडालेलं सोसेल एवढंच लावतो. कोरडवाहू शेती करणाऱ्या घराला ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. शिकायचं असतं ते तिच्या पुढचं : ग्राहकाला भेटून प्रश्न कसे विचारायचे, रोकड महिन्यामहिन्याला कशी मांडायची, अनोळखी माणसासमोर पाच मिनिटांत धंदा कसा समजावायचा. उस्मानाबादी शेळी किंवा कुंथलगिरीचा खवा घेऊन एखाद्याने वर्गातला प्रकल्प केला, तर तो मागे पडणार नाही. कोर्स संपला की स्टार्टअप उभा राहतो, अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

“मराठी मीडियमच्या पोराचं काम नाही”

युरोपातल्या एक्स्चेंजच्या वर्गात पोलिश, इटालियन, स्पॅनिश, कोरियन मुलं असतात. इंग्रजी तिथे बहुतेकांची दुसरी भाषा असते. अनेक ठिकाणी बी-टू पातळीचं प्रमाणपत्र आपल्या कॉलेजने दिलं तरी चालतं. खरी अडचण वेगळी आहे. तिथे प्राध्यापकाला नावाने हाक मारायची असते, त्याचं म्हणणं वर्गात खोडायचं असतं आणि गटात न सांगता जबाबदारी घ्यायची असते. आपल्याकडे गप्प बसणारं पोरगं शहाणं ठरतं, तिकडे गप्प बसल्याबद्दल गुण कापले जातात. त्याची सवय इथेच, निघण्याआधी वर्षभर करायला हवी.

परत न येण्याची भीतीही एक्स्चेंजला लागू नाही. शिक्षणानंतर नोकरी शोधायला थांबण्याचा जर्मनीचा 18 महिन्यांचा परवाना तिथली पदवी घेणाऱ्यांना मिळतो. एक्स्चेंजवाल्याची पदवी इथे असते, म्हणून त्याला परतावंच लागतं.

शेवटी एक छोटी पण हमखास अडवणारी गोष्ट, नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर क्रम उलटा, टीसीवर स्पेलिंग तिसरंच. पासपोर्टसाठी बेंबळी पोलीस ठाण्यात पडताळणी होते तेव्हा हे बहुधा निभतं, पण नॉमिनेशन, व्हिसा आणि ब्लॉक्ड अकाउंट या तिन्हींत नाव पासपोर्टप्रमाणेच लागतं. दुरुस्तीला, विशेषतः बोर्डाकडून, महिने जातात. शरद सत्रासाठी नॉमिनेशन साधारण मार्च-एप्रिलमध्ये होतं, म्हणून पासपोर्ट आणि नावं आदल्या दिवाळीपर्यंत उरकलेली असावीत.