दोन किल्ल्या

बँकेत तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी कॅशियरकडे. दोघे हजर असल्याशिवाय दार उघडत नसे. यात अविश्वास नव्हता. उलट दोघांनाही रात्री शांत झोप लागे.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या गुरुद्वारात गोलक, म्हणजे दानपेटी, दिसली की मला त्या किल्ल्या आठवतात. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्यांच्यातल्या नानकपंथीयांनी तिथे दरबार उभारले. लंगरच्या पंगतीत कोणी जात विचारत नाही. मत्था टेकताना वाहिलेल्या नोटेवर तर देणाऱ्याचे नावही नसते. मग तिची विचारपूस करायची कोणी?

शिखांना किल्ल्यांचे मोल सांगायला नको. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्रज सरकारने अमृतसरच्या सुवर्णमंदिराच्या तोशाखान्याच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. माणसे तुरुंगात गेली, पण हटली नाहीत. जानेवारी १९२२ मध्ये किल्ल्या बाबा खडकसिंगांच्या हाती परत आल्या.

किल्ल्या संगतीच्या, तर हिशेबही संगतीचाच. कायद्याप्रमाणे विश्वस्त संस्थांचे तपासलेले हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात. तिथे ते फायलीत राहतात. गोलक चौघांसमक्ष उघडावी, रक्कम लगेच बँकेत भरावी आणि महिन्याचा जमाखर्च लंगरच्या दाराशी साध्या भाषेत लावावा. पोळ्या लाटणाऱ्या बाई तो वाचून दोन प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत. भांडी घासणे ही जशी सेवा, तसे हिशेबाचे उत्तर देणे हीसुद्धा सेवाच!