सितोपलादि चूर्णाचा पाठ व त्यांतील द्रव्यक्रम

जुन्या दप्तरांत वैद्यकाचें बाड हातीं आलें, आणि त्यांतील एखाद्या योगांत द्रव्यांचीं नांवेंच असून वजनें नसलीं, म्हणजे तो पाठ अपुरा आहे असें संग्राहक बहुधा समजतात. हा समज सर्वत्र खरा नाहीं. कांहीं योगांत नांवांचा क्रम हेंच प्रमाण असतें. जुनाट खोकला व दमा यांवर देण्यांत येणारें सितोपलादि चूर्ण हें याचें उत्तम उदाहरण होय.

हा योग चरकसंहितेंत, चिकित्सास्थानाच्या आठव्या म्हणजे राजयक्ष्म्याच्या अध्यायांत आला आहे. तेथें खडीसाखर, वंशलोचन, पिंपळी, वेलची व दालचिनी हीं पांच द्रव्यें याच क्रमानें सांगितलीं असून आंकडा एकहि नाहीं. शेवटच्या द्रव्यापासून वर जातांना प्रत्येक द्रव्य दुप्पट घ्यावें, एवढेंच सूत्र दिलें आहे. त्याप्रमाणें दालचिनी १, वेलची २, पिंपळी ४, वंशलोचन ८ व खडीसाखर १६, असे एकंदर ३१ भाग होतात. हें चूर्ण मध व तूप यांतून चाटवावयाचें असतें. शार्ङ्गधरसंहितेंत हेच आंकडे उघड दिलेले असल्यामुळें संशयित पाठ त्यांशीं ताडून पाहतां येतो.

यावरून नकलकाराच्या हस्तदोषाचें महत्त्व ध्यानांत येईल. पिंपळी व वेलची यांची अदलाबदल झाल्यास पिंपळी ४ भागांवरून २ वर येते. यादी उलट उतरली गेल्यास दालचिनी १६ भाग व साखर १ भाग होऊन बसते. द्रव्यें अकारविल्हे लावून छापणारा संपादकहि नकळत हाच दोष करतो.

दुसरा घोटाळा नांवाचा आहे. वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरांत सांपडणारा पांढरा खडा. त्याचें त्वक्क्षीरी असेंहि संस्कृत नांव आहे. परंतु त्यावरून आलेला तवकीर हा मराठी शब्द हळदीच्या जातीच्या एका कंदाच्या सत्त्वासहि लावतात. सबब बाडांत 'तवकीर' दिसल्यास त्याचा अर्थ एकदम ठरवूं नये.

असा पाठ छापणें म्हणजे त्या औषधाची शिफारस करणें नव्हे. क्षयाचा जंतु कॉखनें १८८२ सालीं दाखविला, स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं हातीं आलें, आणि त्या रोगाची चिकित्सा पालटली. तथापि छापील पाठावरून औषध करून पाहणारा वाचक असतोच. म्हणून बाडांतील क्रम जसाचा तसा ठेवावा, व दुरुस्ती सुचवावयाची ती टीपेंत सुचवावी.