उकळलेल्या चहाची बाजू

चहा उकळू नये, उकळतं पाणी पत्तीवर ओतून तो मुरू द्यावा, असं जाणकार बजावतात. १९८० सालचं आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानकही तेच सांगतं: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, सहा मिनिटं. या मोजपट्टीने जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या टपरीवरचा चहा सपशेल नापास होईल. पण ते मानक आहे निरनिराळ्या चहांच्या चवीची तुलना करण्यासाठी. चहा चांगला कसा लागेल, याची हमी ते देतच नाही. शिवाय मुरवण्याचा नियम अख्ख्या पानाच्या चहासाठी जन्मला. आपल्याकडे येते ती सीटीसी पत्ती, म्हणजे दातेरी रुळांत चिरडून, फाडून, वळवून केलेले बारीक दाणे. १९३० च्या दशकाच्या आरंभी विल्यम मॅकर्चर यांनी आसामात असे दाणे करणारं यंत्र आणलं. या दाण्यात दार्जिलिंगचा नाजूक सुगंध नसतो. रंग आणि कडकपणा असतो, आणि तो उकळून बाहेर येतो. सुगंध उडतो हा आक्षेप दार्जिलिंगपुरता खरा.

उकळीने चहा कडवट होतो, हा दुसरा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. पत्तीतली टॅनिनं जीभ आवळतात. दुधातलं केसीन त्यांना धरून ठेवतं, म्हणून तोच कडक चहा दुधासह गोड लागतो. तरीही तीन-चार मिनिटांपुढे उकळून हाती येतो तो मुख्यतः तुरटपणा, आणि सकाळचं पातेलं दुपारपर्यंत गरम करत राहण्याचं समर्थन कोणी करू नये. खरी चूक उकळण्यात नाही, क्रमात आहे. पाणी, पत्ती, दूध, साखर एकदमच मांडली की पाण्याला एकट्याने उकळायला वेळच मिळत नाही. मराठवाड्याच्या काळ्या कातळातलं विहिरीचं, बोअरचं पाणी बहुधा जड असतं. निवलेल्या चहावर येणारा तवंग अशा पाण्यातल्या कॅल्शियम आणि बायकार्बोनेटमुळे धरतो, हे लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या मायकेल स्पायरो यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. नुसतं पाणी आधी खळखळून उकळलं की त्यातला काही क्षार भांड्याच्या तळाशी बसतो. आल्याचंही तसंच: कच्च्या आल्यातलं विकर दूध फाडतं, पाण्यात उकळलं की ते निकामी होतं. मग पत्ती, शेवटी दूध आणि एक उकळी. गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावरच घालावा, नाहीतर दूध नासण्याचा धोका असतो.