तीन मिनिटांची फिल्म, आपल्याच गावातल्या बाईची

गोधडी शिवणारी आजी, राखेत घोळून बियाणं जपणारी काकू, शेकडो बाळंतपणं केलेली सुईण. यांच्याकडचं किती ज्ञान कुठेच लिहिलेलं नाही. त्या आहेत तोवरच ऐकता येईल. आणि नोंदवायला मोबाईल आपल्या हातात आहेच.

बायकांनी कॅमेरा धरणं नवं नाही. १९८४ साली अहमदाबादला सेवा संघटनेनं 'व्हिडिओ सेवा' सुरू केलं. भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकाही तिथं कॅमेरा शिकल्या. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या गटानं गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे 'पारी' या संकेतस्थळावर ओवी, गाणारीचा आवाज, फोटो आणि तिची हकीगत एकत्र आली. आपणही तेच करायचं, छोट्या प्रमाणात.

१. आधी गप्पा, मग मोबाईल. पहिल्या दिवशी नुसता चहा प्या. काय सांगायला आवडेल, काय नको, ते त्यांनाच विचारा. पुढची वेळ त्यांच्या सवडीनं ठरवा.

२. आवाज सांभाळा. चित्र थोडं हललं तर लोक बघतात, पण ऐकू आलं नाही की बंद करतात. टीव्ही, पंखा, कुकर बंद. मोबाईल फ्लाइट मोडवर, नाहीतर मधेच फोन येतो. वायरच्या हेडफोनचा माईक पदराला पिनेनं लावला तरी खूप फरक पडतो. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, कपडे असलेली खोली बरी.

३. प्रश्न असा की गोष्ट निघेल. "तुम्ही गोधड्या शिवता का?" म्हटलं की उत्तर येतं, "हो." संपलं! "पहिली गोधडी कुणासाठी शिवली?" असं विचारा. उत्तर थांबलं की लगेच बोलू नका, मनात पाच आकडे मोजा. खरं बोलणं बहुतेक वेळा त्यानंतरच येतं.

४. हात दाखवा. मोबाईल आडवा धरा. उजेड चेहऱ्यावर पडू द्या. दार किंवा खिडकी पाठीमागे आली तर चेहरा काळा दिसतो. सुई, जुनी लुगडी, अंगण, जुना फोटो, असं प्रत्येक दृश्य दहा सेकंद, हात न हलवता घ्या.

५. जोडणी. मोबाईलवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये आधी आवाज लावा, त्यावर फोटो आणि दृश्यं ठेवा. तीन मिनिटं पुरेत. सिनेमाचं गाणं लावू नका, त्याचे हक्क दुसऱ्याचे असतात. कोंबड्यांचा, जात्याचा आवाजच गोड लागतो. मूळ रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेवा.

आमची चूक

आता मनाला लागलेली गोष्ट. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये एक ताई बोलता बोलता नवऱ्याच्या दारूबद्दल आणि कर्जाबद्दल बोलल्या. रडल्याही. आम्हाला वाटलं, किती छान झालंय! कौतुकानं गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. संध्याकाळपर्यंत ती त्यांच्या सासरच्या भावकीत पोचली. आम्ही आमच्याकडून काढली, पण दुसऱ्यांच्या मोबाईलमधून कशी निघणार? ताई दोन महिने बैठकीला आल्या नाहीत. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही, तेच जास्त लागलं.

"शूटिंग करू का?" एवढंच आम्ही विचारलं होतं. "कुणाकुणाला दाखवू?" हे विचारलंच नव्हतं. ही वेगळी परवानगी आहे.

तेव्हापासून आमचा नियम असा:

- तयार फिल्म सगळ्यात आधी त्या बाईलाच दाखवायची, एकटीला. घरातली माणसं समोर असली की नको म्हणणं अवघड जातं.
- त्या म्हणतील ते काढायचं, कारण विचारायचं नाही.
- गटात, ग्रामसंघात की सगळीकडे, कुठवर दाखवायची ते त्या ठरवतील. दोन दिवस विचार करू द्यायचा.
- लहान मुलं दिसत असतील तर आई-वडिलांना विचारायचं.
- एक प्रत त्यांच्या मोबाईलमध्ये द्यायची.

त्या ताई पुढे परत आल्या. फिल्म पुन्हा केली, नुसती गोधडीची. ग्रामसंघाच्या बैठकीत लावली तेव्हा त्याच पुढे बसून सगळ्यांना टाके समजावत होत्या.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटात एक नाव ठरवा. सगळ्यात वयस्कर बाईपासून सुरुवात करा. मोबाईल घरी ठेवून जा, आणि आधी चहा घ्या.